बगळ्यांची घरटी: हुडकायची शिगम्यात, टिपायची पावसात

म्हापशाच्या एका गृहस्थांनी विचारलंय: "फेब्रुवारी-मार्चमध्ये बगळे घरट्यावर बसतात असं वाचलं. गोव्यात ते दुरून, त्यांना त्रास न देता टिपायचे आहेत. माझ्याकडे क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स आहे. १५०-६०० घ्यावी का? चोडणला होडीने जाऊ का? आणि लपायला तो जंगली नक्षीचा तंबू लागेल का?"

लेन्सवर बोलायला मला आवडतं, कुणाला आवडत नाही? पण तुमची अडचण लेन्सची नाही, पंचांगाची आहे. तुम्ही वाचलंत ते युरोपातल्या राखी बगळ्याबद्दल असणार. तिकडे तो खरोखरच फेब्रुवारी-मार्चमध्ये अंड्यांवर बसतो. झाडांना तेव्हा पान नसतं, त्यामुळे शंभर-दीडशे मीटरवरूनही घरटं स्वच्छ दिसतं. ब्रिटनमध्ये तर १९२८ पासून दर वर्षी बगळ्यांच्या वसाहतींची मोजणी होते, म्हणून या विषयावरचं बरंचसं इंग्रजी लिखाण तिथल्या वसंतावर बेतलेलं असतं.

आपल्याकडे गणित उलटं आहे. पिल्लं कधी काढायची हे त्यांना भरवायला काय मिळणार त्यावर ठरतं. शेतात पाणी भरलं की बेडूक, बारकी मासळी, किडे यांची चंगळ होते आणि तेव्हाच बगळ्यांची पिल्लं तोंड वासून बसलेली असतात. ढोकरी (पुस्तकातला वंचक), गायबगळा, छोटा बगळा, रातबगळा ही आपली नेहमीची मंडळी पावसाच्या तोंडावर काड्या गोळा करायला लागतात. सांजावाला, म्हणजे जूनअखेरच्या सणाला, मुलं विहिरीत उड्या मारत असतात तेव्हा बऱ्याच घरट्यांत अंडी असतात आणि गणपतीच्या चवथीपर्यंत पिल्लं फांद्यांवर चढून भांडत असतात. पाऊस लवकर-उशिरा आला की हेही पुढे-मागे होतं, म्हणून तारखा मी मुद्दामच देत नाही.

यात एक पोटनियम आहे. राखी आणि जांभळा बगळा उत्तर भारतात पावसाळ्यात घरटी करतात, दक्षिणेत साधारण नोव्हेंबर ते मार्च. आपण मधल्या पट्ट्यात. तेव्हा फेब्रुवारीत एखादा राखी बगळा चोचीत काडी घेऊन जाताना दिसला तर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवू नका, पण त्याच्या भरवशावर सुट्टीही टाकू नका. आणि या दिवसांत खाडीकाठच्या उंच झाडावर टोपलीएवढं नव्हे, खाटेएवढं घरटं दिसलं तर ते बहुधा समुद्रगरुडाचं. त्याच्यापासून आणखीच लांब राहायचं.

मग शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमाराच्या, दिवसांत करायचं काय? झाड शोधायचं. माझ्या मते चांगल्या फोटोचं निम्म्याहून अधिक काम इथेच होतं. बगळे वर्षानुवर्षं त्याच त्या झाडांवर परततात. गोव्यात या वसाहती बऱ्याचदा रानात नसून बाजारात, बसस्टँडच्या मागे, कुठल्यातरी कचेरीच्या आवारात असतात. मोठा पर्जन्यवृक्ष, आंबा, वड, कधी माडांची रांग. पर्जन्यवृक्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास थोडे दिवस पानं गाळतो. तेवढ्यात मान वर करून फिरा. गेल्या वर्षीची घरटी दिसतील: काड्यांचा विस्कटलेला चौथरा, इतका विरळ की खालून आभाळ दिसतं. कावळ्याचं घरटं बेचक्यात घट्ट, वाटीसारखं, आणि हल्ली त्यात तारेचे तुकडेही विणलेले असतात. एका झाडावर तसले चौथरे आठ-दहा दिसले की ते बगळ्यांचंच झाड समजा.

याहून सोपी युक्ती म्हणजे झाडाजवळच्या चहाच्या गाड्यावर विचारायचं, "पावसात या झाडाखाली स्कूटर लावता का हो?" समोरचा हसला किंवा चिडला, की झाड सापडलं. पक्ष्यांबद्दल विचारलंत तर लोक "असतात कसले तरी" म्हणतात. स्कूटरच्या सीटबद्दल विचारलंत तर महिना, वेळ, फांदी, सगळा तपशील मिळतो.

झाड सापडलं की बसायची जागा शोधायची. खाली उभं राहून वर रोखलेला कॅमेरा दोन कारणांनी वाईट. एक, फोटोत घरट्याचं बूड आणि पांढरं आभाळ येतं. दोन, पक्ष्याला तो पवित्रा आवडत नाही. खालून दिवसभर माणसं, बसगाड्या, मासळीच्या पाट्या जातात, त्याचं त्याला काही वाटत नाही. तुम्ही थांबून टक लावून वर बघायला लागलात की त्याची मान उभी राहते. म्हणून मी नेहमी रस्त्यापलीकडचा पहिला किंवा दुसरा मजला बघते. घरट्याच्या उंचीला किंवा जरा वर.

माझ्या सगळ्यात आवडत्या झाडासमोर एका काकींचं घर आहे. पहिल्या वर्षी मी बाल्कनी मागायला गेले तेव्हा त्यांनी अर्धा तास फक्त वासाबद्दल ऐकवलं, आणि ते खरंच होतं, जुलैत तिथे सुक्या मासळीच्या दुकानासारखा वास येतो. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना एक पिल्लू दाखवलं, डोक्यावर उभे केस, सगळ्या जगावर रागावल्यासारखा चेहरा. काकी म्हणाल्या, "आमच्या धाकट्यासारखा दिसतो." तेव्हापासून खुर्ची आणि चहा ठरलेला. आता फेब्रुवारीतच बाल्कनीसाठी ओळख करून ठेवा, जूनमध्ये ओलेत्याने दार वाजवलंत तर कुणी आत घेत नाही.

आता अंतर. किती मीटर, असा सरळ आकडा सगळ्यांना हवा असतो. फ्लोरिडात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पाणपक्ष्यांच्या वसाहतींपासून सुमारे १०० मीटर लांब राहावं असं सुचवलं होतं, आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) किंवा खारफुटीत, जिथे पक्ष्यांना माणसाची सवय नसते, तिथे मी तोच आकडा मानते. बाजारातल्या झाडाचं वेगळं. काकींची बाल्कनी घरट्यांपासून जेमतेम २५ मीटर आहे आणि पक्षी ढुंकूनही बघत नाहीत, कारण त्या बाल्कनीत वर्षभर माणसं वावरतात, कपडे वाळत असतात. तेव्हा आकड्यापेक्षा पक्षी काय करतो ते बघायचं. घरट्यावरचा बगळा मान खांद्यात ओढून, चोच पुढे करून निवांत बसलेला असतो. मान सरळ वर गेली म्हणजे त्याने तुम्हाला हेरलं. तिथेच थांबा, खाली बसा, दुसरीकडे बघा. दोन-तीन मिनिटांत मान खाली आली नाही तर आल्या वाटेने परत. तो अंड्यांवरून उठून उभा राहिला तर तुम्ही आधीच चुकला आहात, आणि शेजारच्या फांदीवर गेला तर त्या दिवसाचा कॅमेरा पिशवीत.

हे मी शहाणपणाने शिकलेले नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका सकाळी मी थेट झाडाखाली गेले होते, ढोकरीचं घरटं अगदी खालच्या फांदीवर होतं म्हणून. ढोकरी उडाली. मला वाटलं, येईल परत. ती समोरच्या पत्र्यावर जाऊन बसली आणि मी जागा न सोडता "ती परतताना" असा फोटो मिळेल म्हणून थांबले. आधी एक डोमकावळा आला, मग गावकावळे दोन. माझ्या पायापासून हातभर अंतरावर डांबरावर काहीतरी टप्पकन पडलं. अर्ध कवच होतं, फिकट निळं-हिरवं, आतून ओलं. ढोकरी पत्र्यावरून सगळं बघत होती, मी असेपर्यंत ती आली नाही. कावळ्याने बाकीचं अंडं फोडतानाचा फोटो माझ्याकडे आहे, तांत्रिकदृष्ट्या चांगला आहे, आणि तो मी कधी कुणाला दाखवलेला नाही.

गोव्यात कावळ्यांच्या जोडीला घारी आणि ब्राह्मणी घारी आहेतच. त्यातून पाऊस. उघडी पडलेली अंडी आणि पिसं न फुटलेली पिल्लं त्यात पटकन गारठतात. आणि थोडी मोठी झालेली पिल्लं घाबरली तर खाल्लेलं ओकून टाकतात, नाहीतर फांद्यांवरून पळता पळता खाली पडतात. म्हणजे तुमच्या "दोन मिनिटं फक्त" या हट्टाची किंमत एका जेवणापासून एका पिल्लापर्यंत काहीही असू शकते. कायद्याचंही सांगून ठेवते: वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. समोरची फांदी "जरा बाजूला बांधणं", घरट्यावर ड्रोन नेणं, असल्या गोष्टी मनातही आणू नका.

एवढं सांगून झाल्यावर लेन्स. तुमच्या ७०-३०० ला कमी लेखू नका. क्रॉप सेन्सरवर ३०० मिमीला २५ मीटर अंतरावर चौकटीची रुंदी साधारण दोन मीटर येते. ढोकरी असते सुमारे ४५ सेंटीमीटरची. म्हणजे चौकटीचा पाव हिस्सा पक्षी, बाकी घरटं, फांद्या, शेजारी. घरट्याच्या फोटोला मला हेच हवं असतं. नुसत्या डोळ्याचा आणि चोचीचा फोटो करमळीच्या तळ्याकाठीही मिळतो. ४० मीटरवर गेलात तर ३०० ला तीन मीटरहून थोडी जास्त रुंदी येते, ६०० ला दीड मीटरच्या जरा वर. तिथे मोठी लेन्स कामाला येते. म्हणून माझा सल्ला: आधी जागा ठरवा, पावलांनी अंतर मोजा, मग लेन्स ठरवा. पहिल्या पावसाळ्याला हवी तर भाड्याने आणा. आणि १५०-६०० घेतलीत तरी ती "आणखी जवळचा" फोटो काढायला नाही, आणखी मागे सरकायला घेतली आहे असं समजून वापरा.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) फार बंद करू नका. ६०० मिमी, एफ ६.३, ४० मीटर: फोकसची खोली एक मीटरच्या थोडी वर मिळते, सबंध घरटं त्यात मावतं. पावसाळी उजेडात एफ ११ ला, म्हणजे आणखी बारीक छिद्राला, गेलात तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आभाळाला भिडेल. शटरचं सांगायचं तर बसलेल्या पक्ष्याला, ट्रायपॉड असेल तर, १/२५० सेकंद पुरतं. पिल्लं भरवताना मात्र इतकी हिसकाहिसकी असते की १/१००० खाली मी जात नाही, उतरणाऱ्या पक्ष्याला १/२०००. त्यासाठी आयएसओ १६०० ते ३२०० बिनधास्त ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा. फ्लॅश नाही, आवाज वाजवून बोलावणं नाही.

पांढऱ्या बगळ्याला कॅमेरा हमखास फसतो. मागे गर्द पानं आहेत म्हणून तो चौकट उजळ करायला जातो आणि पिसांचा चुना होतो. मी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते सव्वा स्टॉप उणे, म्हणजे तेवढं गडद, ठेवते आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देत नाही. ढोकरी आभाळासमोर असेल तर उलट, एक स्टॉप अधिक. ढगाळ आभाळ पांढरंच येणार, म्हणून बाल्कनीतही खुर्ची अशी सरकवा की घरट्यामागे पानं येतील. कधी कधी हे हातभर सरकण्यानेच साधतं.

बाकी यंत्राची काळजी आपल्या हवेत वेगळीच. युरोपातले लोक बोटं गारठतात म्हणून रडतात, आपल्या लेन्सला बुरशी लागते. एसी गाडीतून काढलेली लेन्स बाहेर आल्या आल्या धुकटते, ती पुसत बसू नका, पिशवीतच बाहेरच्या हवेला सरावू द्या. घरी हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि आर्द्रता ४०-५० टक्क्यांत. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक तुमच्या या छंदाच्या चार महिन्यांत, हे लक्षात असू द्या.

चोडणबद्दल. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ साली जाहीर झालेलं, १७८ हेक्टर खारफुटी. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलात की आलंच. जा, पण घरट्यांसाठी नको, सरावासाठी जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे रातबगळे दिवसा खारफुटीत झोपलेले असतात, लाल डोळा अर्धा मिटून. दाट फांद्यांमधून पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस कसा बसवायचा हे शिकायला याहून सोशीक गिऱ्हाईक मिळणार नाही. होडी भरतीला घ्या, ओहोटीला आतल्या नाल्यांत चिखलच उरतो. भरती रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे "गेल्या रविवारी सातला गेलो होतो" हा हिशोब या रविवारी चालत नाही. होडीवाल्याला आधीच बजावून ठेवा: पक्षी उडाला तर जास्त पैसे नाहीत, पक्षी बसून राहिला तर चहा माझ्याकडून. काही हौशी लोकांना पक्षी उडतानाचाच फोटो हवा असतो, मग बिचारा होडीवाला वल्हं आपटायला शिकतो. त्याला मी दोष देत नाही. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात कधी गेलात तर चिखलात पाय ठेवायला उतरू नका, तिथे मगरी आहेत.

उन्हाळ्यातली आणखी एक गंमत अशी की साडेनऊ-दहानंतर खाजनावरून गरम हवेच्या लहरी उठतात. खाजनाच्या या टोकावरून त्या टोकाचा बगळा मग कितीही महागड्या लेन्समधून पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. अनेकांनी या पायी चांगल्या लेन्स दुरुस्तीला नेलेल्या मला माहीत आहेत. सकाळी साडेआठपर्यंत काम आटपा.

मार्च-एप्रिलपासून बगळ्यांचे कपडे बदलायला लागतात, तेही बघण्यासारखं असतं आणि घरट्याजवळ न जाता टिपता येतं. वर्षभर मातकट, ओळखू न येणाऱ्या ढोकरीच्या पाठीवर तपकिरी-किरमिजी शाल येते, डोक्यावरून लांब पिसं लोंबतात. गायबगळ्याचं डोकं-मान हळदीने माखल्यासारखी नारिंगी. छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब तुरे. रातबगळ्याचे पिवळट पाय गुलाबी-लाल होतात. हे रंग दिसायला लागले की समजा, तुमच्या झाडावर थोड्याच आठवड्यांत गडबड सुरू होणार. कुडचडेचं नंदा तळं, जे २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ झालं, किंवा करमळीचं तळं, दोन्ही यासाठी चांगली.

आणि घरटी सुरू झाल्यावर काय टिपायचं? लोक पिल्लांसाठी थांबतात. मी पहिल्या आठवड्यांत जाते. नर काडी घेऊन येतो. फांदीवर उतरल्यावर लगेच घरट्यात जात नाही, मान लांबवून एक-दोनदा वाकतो, मग मादीच्या चोचीत काडी देतो. ती काडी ती घरट्याच्या कडेत खुपसते, हलवून बघते, पसंत नसेल तर काढून दुसरीकडे खुपसते. एकदा एकीने तीच काडी पाच वेळा बसवली आणि शेवटी खाली टाकली. नर खाली बघत राहिला. पुढे दोघंही आळीपाळीने अंड्यांवर बसतात, आणि पाळी बदलतानाही पुष्कळदा काडीची देवघेव होते. ढोकरीची अंडी तीन ते पाच, उबायला तीनेक आठवडे लागतात. पाळी बदलण्याची वेळ दोन दिवस नुसती वहीत टिपून ठेवलीत, तर तिसऱ्या दिवशी कॅमेरा लावून तासन्‌तास बसावं लागत नाही.

एक धोका मे महिन्यातला. पावसाआधी वाऱ्याने फांद्या पडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते आणि ती लांबली तर नेमकी घरटी सुरू झाल्यावर करवत येते. एका गावात माझं तीन वर्षं बघितलेलं झाड असंच जूनच्या पहिल्या आठवड्यात बोडकं केलं. गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. छाटणीबद्दल मात्र भांडण्यापेक्षा एप्रिलमध्येच पंचायतीत किंवा पालिकेत गेल्या वर्षीचे घरट्यांचे तारखेसकट फोटो घेऊन जा आणि "करायची तर आत्ताच करा" असं सांगा. माझ्या अनुभवात हे ऐकलं जातं, कारण तुम्ही नको म्हणत नाही, लवकर करा म्हणता. फोटो इतरांना दाखवताना मात्र गावाचं नाव आणि जीपीएसची खूण काढून टाका. एका बाल्कनीत दोन माणसं मावतात, झाडाखाली वीस आली तर पक्ष्यांचं आणि काकींचं दोघांचंही डोकं फिरेल.

राहिला तंबू. बाजारातल्या झाडासमोर जंगली नक्षीचा तंबू ठोकलात तर बगळ्यांआधी माणसं जमतील. गाडीची काच खाली करून, दारावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा, गाडीसारखा आडोसा नाही. इंजिन बंद, दार उघडायचं नाही. आणि एक मोठी काळी छत्री जवळ असू द्या. पाऊस असो वा नसो, गाडीपर्यंत जाताना त्या झाडाखालून जावं लागतंच, आणि वरून जे येतं ते पाण्याने लवकर निघत नाही.